गाजर गवतावरच्या पट्टेरी भुंगेऱ्याची ओळख पटवताना

जुलै लागला की रस्त्याकडेच्या गाजर गवताच्या पानांची चाळण झालेली दिसू लागते. जवळ जाऊन पाहिले तर शेंड्यांवर पाच-सहा मिलिमीटर लांबीचे, मळकट पांढऱ्या पाठीवर उभे तपकिरी पट्टे असलेले भुंगेरे बसलेले असतात. शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकांतही हेच नाव असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघते. तरीही नमुना हातात आला की आम्ही ते नाव आणि ते झाड दोन्ही बाजूला ठेवतो आणि भुंगेऱ्याच्या अंगावरून ओळख पटवत जातो. झाडावरून फक्त अंदाज बांधता येतो. गण, कुल, उपकुल, प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) या क्रमाने खाली उतरताना प्रत्येक पायरीवर शरीराचा एक तरी अवयव साक्षीला हवा.

या भुंगेऱ्याच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण तो इथला नाही. गाजर गवत भारतात पसरते आहे हे ठळकपणे लक्षात आले ते १९५५च्या सुमारास पुण्यात. त्याला खाणारा हा भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला, आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये उघड्यावर सोडला गेला. त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलराटा. पॅलिस्टर यांनी मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून १९५३ साली दिलेले. म्हणजे भारतातल्या पानभुंगेऱ्यांवरचे जे मोठे जुने ग्रंथ आहेत, त्यांतल्या एकाही ग्रंथात तो नाही. याचा त्रास नेमका कुठे होतो ते पुढे येईलच.

आधी नमुने. एकच भुंगेरा पकडून आणला तर काम अर्ध्यावर अडते. आम्ही एका जागेवरून दहा ते पंधरा प्रौढ घेतो आणि त्यांत मीलन करत असलेल्या दोन-तीन जोड्या आवर्जून घेतो. अशा जोडीतला वरचा नर आणि खालची मादी हे तिथल्या तिथे कळते, त्यामुळे नंतर नराचे जननांग शोधताना माद्यांची पोटे उघडत बसावे लागत नाही. प्रत्येक जोडी वेगळ्या कुपीत ठेवायची. सोबत अळ्या आणि अंडी असलेली पानेही घ्यायची. अंडी पानाच्या खालच्या बाजूला, एकेकटी किंवा चार-पाचच्या लहान पुंजक्यात असतात. आधी फिकट पिवळी, मग नारिंगी होत जातात. लहान अळ्या शेंड्यातल्या आणि बेचक्यातल्या कोवळ्या कळ्यांमध्ये घुसलेल्या असतात, त्या वरवर पाहून दिसत नाहीत. शेंडा उकलून पाहावा लागतो. मोठ्या अळ्या पानांवर उघड्या असतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, पुरळ येते, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती दरवर्षी छळते.

पकडण्याची वेळही महत्त्वाची. हे भुंगेरे पावसाळ्यात भरपूर दिसतात, हिवाळा सरकू लागला की बरेचसे प्रौढ जमिनीत शिरून निपचित पडतात आणि पुढच्या पावसाला वर येतात. पहिल्या पावसानंतर वर आलेले जुने प्रौढ झिजलेले असतात, शृंगिकांचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशांचे, खंड तुटलेले असतात. कोषातून नुकतेच निघालेले प्रौढ उलट फारच कोवळे असतात. त्यांचा रंग फिकट असतो, पट्टे पुरते उमटलेले नसतात, आणि मारून वाळवले की पंखकवचे सुरकुततात. असे कोवळे भुंगेरे हाताला मऊ लागतात. त्यांना ताज्या पानांसह एक-दोन दिवस डब्यात ठेवून टणक होऊ द्यायचे आणि मगच मारायचे.

बसलेला आणि खाणारा यांत फरक करायला हवा. गाजर गवतावर पिठ्या ढेकूण, मावा असे बरेच काही असते आणि त्यांना खायला ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) येतात. त्यांतला ब्रुमॉइडिस सुच्युरॅलिस हा ढालकिडा तर फिकट पाठीवर तीन उभ्या काळ्या रेघा घेऊनच फिरतो. तो जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, पण मोबाइलच्या फोटोत मोजपट्टी नसली की तीन आणि सहा मिलिमीटर सारखेच दिसतात. शंका असली तर प्लॅस्टिकच्या झाकणदार डब्यात तळाला टिपकागद, त्यावर गाजर गवताचे ताजे, न कुरतडलेले पान आणि दोन भुंगेरे ठेवायचे. चोवीस तासांत पानाला भोके पडून खाली काळपट विष्ठेचे कण जमले तर तो पान खाणारा आहे. पान जसेच्या तसे राहिले तरी लगेच निष्कर्ष काढायचा नाही. पकडल्यानंतर काही भुंगेरे पहिल्या दिवशी खातच नाहीत.

मारण्यासाठी आम्ही इथाइल ॲसिटेटची बाटली वापरतो. बाटलीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, त्यात मुरतील एवढेच थेंब, आणि वर टिपकागद. प्लास्टर ओलेचिंब झाले तर भुंगेरे भिजतात आणि अंगावरचे बारीक केस चिकटून बसतात. या वाफेत सांधे लवचिक राहतात, त्यामुळे पाय आणि शृंगिका हव्या तशा मांडता येतात. पण या रसायनाने डीएनए खराब होतो. म्हणून त्याच जागेवरचे तीन-चार भुंगेरे थेट ९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाकून फ्रीझरमध्ये ठेवायचे. फॉर्मलिन कशासाठीही नको. त्यात सांधे दगडासारखे होतात आणि डीएनएही जातो. सगळेच भुंगेरे अल्कोहोलमध्ये ठेवणेही बरे नाही, कारण पंखकवचांचा मळकट पांढरा रंग त्यात हळूहळू बदलतो, आणि इथे रंगाची नक्षी पुढे कामाला येणार आहे.

एवढ्या लहान भुंगेऱ्यात थेट टाचणी खुपसायची नाही. जाड पांढऱ्या कार्डाचा आठ-दहा मिलिमीटर लांबीचा निमुळता त्रिकोण कापून त्याच्या रुंद बाजूतून तीन नंबरची स्टीलची टाचणी घालायची, टोक किंचित खाली दुमडायचे आणि त्यावर भुंगेऱ्याच्या छातीची उजवी बाजू चिकटवायची. डावी बाजू आणि पोटाकडची बहुतेक बाजू मोकळी राहते, आणि ओळख पटवताना सगळ्यात जास्त गरज पोटाकडच्या बाजूचीच पडते. गोंद पाण्यात सुटणारा हवा. फेव्हिकॉलचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा ठिपका पुरतो. झटकन चिकटणारे सुपरग्लू वापरलेले नमुने आमच्याकडे येतात तेव्हा ते सोडवताना पाय हमखास तुटतात.

आता सूक्ष्मदर्शक. दहा ते पंचेचाळीस पटींचा स्टिरिओ पुरतो. भुंगेऱ्याची पाठ चकचकीत असते, त्यावर दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि ठिपके-खळगे दिसत नाहीत. नमुन्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी केली की उजेड पसरून पडतो आणि सगळे स्पष्ट होते.

पहिला प्रश्न कुलाचा. पायाच्या टोकाचा भाग, म्हणजे टार्सस, किती खंडांचा आहे हे पाहायचे. पानभुंगेऱ्यांच्या कुलात, क्रायसोमेलिडीत, तो वरवर चार खंडांचा दिसतो; खरे खंड पाच असतात, पण चौथा इतका चिमुकला असतो की तिसऱ्या रुंद खंडात बुडालेला असतो. ढालकिड्यांत तो वरवर तीनच खंडांचा दिसतो, कारण तिथे तिसरा खंड दुसऱ्या दुभंगलेल्या खंडात लपतो. हा चिमुकला खंड पाहायला पाय बाजूने पाहावा लागतो. वरून पाहिले तर तो जवळजवळ दिसतच नाही. खंडांच्या तळाशी दाट केसांची गादी असते, त्यात माती अडकली असेल तर खंड मोजता येत नाहीत, म्हणून आधी बारीक मऊ ब्रशने ७० टक्के अल्कोहोल लावून पाय धुवायचा. तिन्ही जोड्यांचे पाय पाहायचे. पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार खंड असतील तर तो भुंगेरा डार्कलिंग भुंगेऱ्यांच्या वाटेला जातो, आपल्या वाटेला नाही.

दुसरी खूण शृंगिकांची. ढालकिड्याच्या शृंगिका आखूड असतात आणि टोकाला एकदम गदेसारख्या फुगतात. आपल्या पट्टेरी भुंगेऱ्याच्या शृंगिका अकरा खंडांच्या, टोकाकडे हळूहळू रुंद होत जाणाऱ्या असतात. खोडकिड्यांच्या भुंगेऱ्यांचे, म्हणजे लांब शिंगाच्या भुंगेऱ्यांचे टार्सस अगदी पानभुंगेऱ्यांसारखेच असतात, त्यामुळे फक्त खंड मोजून थांबले तर घोटाळा होतो. त्यांच्यात शृंगिका बहुधा लांब असतात, उंचवट्यावर बसवलेल्या असतात आणि डोळा त्यांच्या बुडाला वेढा घालतो. इथे तसे काही नाही. ढालकिडा बाद करण्यासाठी आणखी एक खात्रीची जागा आहे: पोटाच्या पहिल्या दिसणाऱ्या कड्यावर, मागच्या मांडीच्या बुडाशी, बहुतेक ढालकिड्यांत एक वळणदार रेघ कोरलेली असते. पानभुंगेऱ्यात ती नसते.

उपकुलाशी आलो की काम खरे रंगते. पानभुंगेऱ्यांच्या ३५ हजारांहून जास्त जाती जगभर वर्णिलेल्या आहेत, त्यामुळे उपकुल चुकले तर पुढचा सगळा शोध वाया जातो. आम्ही आधी डोके समोरून पाहतो. शृंगिकांची दोन बुडे एकमेकांपासून किती लांब आहेत? गॅलेरुसिनी या उपकुलात, ज्यात काकडी-भोपळ्यावरचे लाल भुंगेरे येतात, ती डोळ्यांच्या मधे अगदी शेजारी-शेजारी असतात. आपल्या नमुन्यात ती दूर, डोळ्यांच्या बाजूला आहेत. मधले अंतर शृंगिकेच्या पहिल्या खंडाच्या लांबीहून बरेच जास्त. मागची मांडी फुगलेली आहे का? नाही. म्हणजे टुणकन उड्या मारणारे उडदे भुंगेरे, अल्टिसिनी, गेले. हे अल्टिसिनी जुन्या ग्रंथांत स्वतंत्र उपकुल आहेत आणि आताच्या वर्गीकरणात गॅलेरुसिनीच्या पोटात; जुन्या ग्रंथातली ओळख पटवण्याची कुंजी आणि नवी यादी एकत्र वापरताना हे लक्षात ठेवावे लागते. तोंड खाली-मागे वळलेले, अंग चपटे, कडा ढालीसारख्या पसरलेल्या किंवा पाठीवर काटे, असे असते तर कॅसिडिनी. मान निमुळती आणि तिला बाजूची धार नाही, असे असते तर क्रायोसेरिनी. पोटाची मधली कडी आवळलेली आणि डोके छातीत शिरलेले असते तर क्रिप्टोसेफॅलिनी. शेपटाकडचा भाग पंखकवचाबाहेर उघडा असता तर कडधान्यातला भुंगेरा, जो पूर्वी वेगळ्या कुलात होता आणि आता इथलेच एक उपकुल आहे.

मग उरतात दोन: युमोल्पिनी आणि क्रायसोमेलिनी. दोन्हींत शृंगिकांची बुडे दूर. इथे भुंगेरा उलटा करून पुढच्या पायांच्या कॉक्सा, म्हणजे पाय जिथे छातीला जोडतो तो खंड, पाहायचा. युमोल्पिनीत तो गोलसर असतो, क्रायसोमेलिनीत आडवा, रुंदीने जास्त. शिवाय टार्ससचा तिसरा खंड युमोल्पिनीत खोल दुभंगलेला असतो, क्रायसोमेलिनीत सलग किंवा टोकाला जरासा खाचलेला. कॉक्सा नीट दिसायला पुढचे पाय बाजूला सारावे लागतात. वाळलेल्या नमुन्यावर जोर केला तर पाय मुळातून निघतो. नमुना ओल्या वाळूच्या बंद डब्यात, बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा टाकून, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवला की सांधे सुटतात. आमचा भुंगेरा क्रायसोमेलिनीत बसतो: कॉक्सा आडव्या, तिसरा खंड सलग, अंग फुगीर आणि अंडाकृती.

प्रजातीच्या पायरीवर आलो की नवशिका माणूस सरळ समरेंद्र मौलिक यांचा, फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतला १९२६चा क्रायसोमेलिनी आणि अल्टिसिनी यांवरचा खंड उघडतो. तो उघडलाच पाहिजे. आजही भारतातल्या या उपकुलासाठी तोच पाया आहे. पण कुंजी म्हणजे दोन विधानांतून एक निवडत पुढे जाण्याची वाट, आणि ती फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असलेल्या प्राण्यांपर्यंतच पोचवते. १९२६च्या कुंजीत १९८३ साली आलेला भुंगेरा असूच शकत नाही. कुंजी मात्र तसे सांगत नाही. ती प्रत्येक पायरीवर काहीतरी उत्तर मागते, आपण ते देत जातो, आणि शेवटी ती कुठल्यातरी आशियाई प्रजातीच्या नावावर आणून सोडते. म्हणून आमचा नियम असा की कुंजीतून नाव मिळाले की काम संपले असे मानायचे नाही. त्या नावाखालचे पूर्ण वर्णन वाक्यावाक्याने नमुन्यावर ताडून पाहायचे. दोन-तीन वाक्ये बसली आणि चौथे बसले नाही, तर ते चौथे वाक्य महत्त्वाचे. वर्णन न जुळणे ही बाहेरून आलेल्या जातीची पहिली चाहूल असू शकते, आणि अशा वेळी अमेरिका खंडातल्या प्रजातींच्या कुंज्या उघडाव्या लागतात.

तिथे उत्तर नख्यांत सापडते. झायगोग्रामाच्या टार्ससच्या टोकाच्या दोन नख्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या आणि जवळपास समांतर असतात. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा, लेप्टिनोटार्सा डिसेमलिनिआटा, याच्या नख्या सुट्या आणि फाकलेल्या असतात. ही खूण पाहायला चाळीस पटींचे तरी वर्धन हवे आणि पाय असा फिरवायचा की नख्या समोरून दिसतील. बाजूने पाहिले तर सुट्या नख्याही जुळलेल्या भासतात. एका नमुन्यावर विसंबू नये, दोन-तीन भुंगेऱ्यांचे वेगवेगळे पाय पाहावेत, कारण नखी मोडलेली असण्याचे प्रमाण बरेच असते.

कोलोरॅडो भुंगेऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. तो भारतात नाही आणि देशात शिरू नये म्हणून त्याच्यावर विलगीकरणाचे कडक नियम आहेत. बटाट्याच्या शेताच्या बांधावर गाजर गवत असले की पट्टेरी भुंगेरा उडून बटाट्याच्या पानावर बसतो, कुणीतरी फोटो काढते आणि इंटरनेटवरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या फोटोशी ताडून घाबरते. कोलोरॅडो भुंगेरा साधारण दहा मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याच्या प्रत्येक पंखकवचावर पाच काळे पट्टे सरळ उभे असतात आणि डोक्यामागची ढाल, प्रोनोटम, नारिंगी-पिवळसर असून तिच्यावर काळे ठिपके असतात. आपल्या भुंगेऱ्याची ती ढाल तपकिरी असते. फोटोत आकार कळत नाही, पण ढालीचा रंग बहुधा कळतो. म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना आम्ही पाच फोटो मागतो: वरून, बाजूने, पोटाकडून, डोके समोरून आणि एका पायाचे टोक, प्रत्येकात मिलिमीटरची मोजपट्टी. वरून काढलेला एकच सुंदर फोटो सगळ्यात कमी कामाचा असतो.

आता जात. झायगोग्रामात अमेरिका खंडात बऱ्याच जाती आहेत आणि पुष्कळांच्या पाठीवर पट्टे आहेत. बायकलराटात फिकट पार्श्वभूमीवर उभे, वळणदार गडद तपकिरी पट्टे असतात, पण त्यांची जाडी एकाच शेतातल्या भुंगेऱ्यांत कमी-जास्त होते. कुठे पट्टा तुटतो, कुठे शेजारचे दोन जुळतात. एकच भुंगेरा पाहणाऱ्याला वाटते की ही वेगळी जात आहे. म्हणूनच दहा-पंधरा नमुने. ते एका रांगेत, बारीक पट्ट्यांपासून जाड पट्ट्यांपर्यंत मांडले की मधल्या सगळ्या पायऱ्या दिसतात आणि फरक एका जातीच्या आतला आहे हे पटते. रांगेत मधेच मोठी फट पडली, आणि फटीच्या दोन्ही बाजूंचे भुंगेरे दुसऱ्याही कुठल्या खुणेत वेगळे निघाले, तर मात्र थांबायचे आणि दोन गट वेगळे करायचे. तेलकट झालेल्या नमुन्यांवरून रंगाबद्दल काहीच बोलू नये. शरीरातली चरबी बाहेर येऊन फिकट भाग तपकिरी करते. असा नमुना ॲसिटोनमध्ये काही तास ठेवला की रंग बराचसा परत येतो.

मापे सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगातल्या मापपट्टीने घेतो. ती पट्टी प्रत्येक झूमसाठी स्वतंत्रपणे काचेच्या प्रमाण मापपट्टीवर ताडून घ्यावी लागते. झूमचा खटका नीट बसला नसेल तर माप पाच-दहा टक्क्यांनी चुकते आणि चूक लक्षातही येत नाही. वाळल्यावर डोके खाली झुकते, कधी आत ओढले जाते, म्हणून डोक्यासकट लांबीपेक्षा प्रोनोटमच्या पुढच्या कडेपासून पंखकवचाच्या टोकापर्यंतची लांबी जास्त भरवशाची. कोणती लांबी घेतली ते नोंदीत लिहायचेच.

शेवटची साक्ष नराच्या जननांगाची. मीलन करताना पकडलेला नर मऊ करून घ्यायचा, पोटाच्या शेवटच्या वरच्या आणि खालच्या कड्यांमधून टोकाला हुकासारखी वाकवलेली बारीक सुई आत सरकवायची आणि एडिगस, म्हणजे तपकिरी, वाकडी, टणक नळी, हळूच बाहेर ओढायची. तिच्याभोवती इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची एक नाजूक काडी असते, टेग्मेन. ती पडद्याने जोडलेली असते आणि घाईत तुटून पोटातच राहते. मग दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात थंडच ठेवून रात्रभर, किंवा गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीत पाच ते दहा मिनिटे. थेट ज्योतीवर उकळू नये. द्रावण उसळून डोळ्यात गेले तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करायचे. मांसल भाग विरघळून टणक भाग मध-तपकिरी दिसू लागला की बाहेर काढायचे. जास्त वेळ राहिले तर नळी काचेसारखी पारदर्शक होते आणि आतली पडद्याची रचना नाहीशी होते. ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा धुवायचे, त्यात ॲसिटिक ॲसिडचा एखादा थेंब घालायचा म्हणजे अल्कली उरत नाही, आणि मग ग्लिसरिनमध्ये.

ग्लिसरिनच्या थेंबात ती नळी लोळते, स्थिर राहत नाही. जिलेटिनच्या जाडसर थरात किंवा हात धुण्याच्या पारदर्शक जेलमध्ये ती हव्या त्या कोनात उभी राहते. वरून, बाजूने आणि टोकाकडून अशी तीन चित्रे काढायची. टोकाचा आकार आणि बाजूने दिसणारा बाक हेच ताडायचे असतात, आणि कोन जरा तिरका झाला तरी टोक वेगळे दिसते. प्रकाशित आकृतीशी जुळवताना ती आकृती कोणत्या बाजूने काढलेली आहे हे आधी पाहावे; बरेच खोटे फरक तिथेच निर्माण होतात. मादीतली स्पर्माथिका, शुक्राणू साठवण्याची वाकडी टणक पिशवी, फारच लहान असते. क्लोराझॉल ब्लॅकने रंगवली तरच नीट दिसते. पाहून झाले की जननांग ग्लिसरिन भरलेल्या चिमुकल्या कुपीत घालून ती कुपी त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर टोचायची. वेगळ्या खोक्यात ठेवले की पाच वर्षांनी कोणते कुणाचे ते कळत नाही.

अळीची ओळख प्रौढाला जोडून घेतली तरच उपयोगी. गाजर गवतावरची अळी फिकट पिवळसर, पाठ फुगवलेली, संथ असते. ढालकिड्यांच्या अळ्या लांब पायांच्या, खरखरीत अंगाच्या आणि चपळ. पण नाव द्यायला अळी वाढवून प्रौढ काढावा. डब्यात पाच-सात सेंटिमीटर ओलसर, चाळलेली माती लागते, कारण चार अवस्था पार केलेली अळी कोषासाठी मातीत जाते. माती नसेल तर ती टिपकागदावर फिरत राहून मरते. माती चिखल झाली तर कोष बुरशीने जातात. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण महिनाभर धरावा. प्रत्येक अवस्थेतली एक-दोन कात आणि अळ्या अल्कोहोलमध्ये बाजूला ठेवायच्या. डीएनए बारकोडिंगने, म्हणजे सीओआय जनुकाच्या ६५८ अक्षरांच्या तुकड्याने, अळी आणि प्रौढ एकच आहेत हे लवकर सिद्ध होते. प्रौढाचा एक मधला पाय त्याला पुरतो. मात्र सार्वजनिक संग्रहात ज्या अनुक्रमाशी आपला अनुक्रम जुळला, त्याला मुळात नाव कुणी आणि कशावरून दिले होते, हे पाहिल्याशिवाय ते नाव उचलू नये.

टाचणीवर दोन चिठ्ठ्या. पहिलीवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख (महिना रोमन आकड्यात, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही), पकडणाऱ्याचे नाव, आणि झाड. झाडापुढे ‘खाताना’ की ‘बसलेला’ हे लिहायचे. दुसरीवर जातीचे पूर्ण नाव, नाव देणारा आणि वर्ष, ओळख पटवणाऱ्याचे नाव आणि ओळख पटवल्याचे वर्ष. खात्री प्रजातीपर्यंतच असेल तर प्रजातीचेच नाव लिहावे. कोकणातल्या हवेत पेट्या बुरशी धरतात, सिलिका जेल लागते. डांबरगोळ्यांनी किडे लांब राहतात, मरत नाहीत, म्हणून नवी पेटी संग्रहात ठेवण्याआधी उणे २० अंशांत आठवडाभर ठेवायची. काही नमुने सार्वजनिक संग्रहात जायला हवेत. महाराष्ट्रात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. वनक्षेत्रातून गोळा करायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढावी लागते.

या नोंदींची सगळ्यात जास्त गरज सूर्यफुलाच्या प्रश्नात पडते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने खातो अशा तक्रारी कर्नाटकातून आल्या आणि त्याला पुढे सोडावे की नाही यावर मोठा वाद झाला. गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानावर पडल्याने त्याचे खाणे सुरू होते, असे बंगळुरूच्या संशोधनात दिसले. आजही असे नमुने येतात. सूर्यफुलाच्या पानाला भोके पाडणारे केसाळ अळ्या, उंटअळ्या असे इतर बरेच किडे आहेत, त्यामुळे भोक आणि भुंगेरा एकाच पानावर सापडणे हा पुरावा होत नाही. सूर्यफुलावरचे आणि बांधावरच्या गाजर गवतावरचे भुंगेरे वेगवेगळ्या कुप्यांत, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांसह गोळा करावेत. सूर्यफुलाचे पान कागदात सपाट दाबून आणावे म्हणजे त्यावर परागकण आहेत का ते पाहता येते. पानामागे अंडी किंवा अळ्या आहेत का आणि गाजर गवत किती पावलांवर आहे, हे तिथेच लिहावे. दोन्ही झाडांवरचे भुंगेरे एकाच डबीत आले, तर जात अचूक ओळखूनही त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता येत नाही.